तबकडी जाळण्याआधी

"जाळलीस का गं तबकडी?" सासूबाईंनी सकाळच्या चहालाच विचारलं.

डिस्क 'बर्न' करतात हे त्यांना थोरल्या सुनेनंच कधीतरी सांगितलं होतं. बर्न म्हणजे जाळणं, हे त्यांनी बाहेर कुणालातरी विचारून पक्कं केलं, आणि तेव्हापासून त्या घरात तबकड्या जळायला लागल्या.

"अजून नाही," थोरली म्हणाली. तोंड त्यांच्याकडे करून, ओठ नीट हलवून. "फाईल मोडलीय. आधी दुरुस्त करायची, मग जाळायची."

"नऊ दिवस झाले."

"मोडलीय हो आई. मी नाही मोडली. धाकट्या भावजींनी मोडली."

हे शेवटचं तिनं जरा जास्तच नीट ओठ हलवून सांगितलं.

खरं तर त्या नऊ दिवसांत तिनं फाईलला हातही लावला नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत तिचं काम चालायचं. दोन कॉम्प्युटर, जुन्या कॅसेटी वाजवणारं एक यंत्र, त्या यंत्राला धूळ लागू नये म्हणून टाकलेला नवऱ्याचा जुना टॉवेल, आणि कोऱ्या तबकड्यांची चवड. लोक आपापली मोडकीतोडकी चित्रं घेऊन यायचे. कुणाच्या बारशात आवाज नाही, कुणाच्या लग्नात नवरा हिरवा दिसतो. थोरली कुठे शिकायला गेली नव्हती. कॅसेटी डिस्कवर चढवता चढवता शिकली, बिघडवता बिघडवता दुरुस्त करायला लागली. परक्यांची चित्रं ती दोन दिवसांत परत करायची. घरची मात्र नऊ दिवस तशीच पडून होती. तबकडी जळली नसली तरी जळायचं काम त्या घरात चालू होतं, आणि त्याला वीजसुद्धा लागत नव्हती.

झालं होतं असं. सासूबाईंनी कापडगिरणीत, मागांच्या खात्यात तीस वर्षं काढली. शंभर माग एकदम चालले की शेजारच्या बाईनं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या. गिरणीनं त्यांचे कान नेले आणि डोळ्यांना ही विद्या दिली. त्यामुळे घरात एक पंचाईत होती. शेजारच्या खोलीत तोफ उडवली तरी चालायची, पण त्यांच्या समोर पन्नास पावलांवर उभं राहून पुटपुटायची सोय नव्हती. थोरली बावीस वर्षांत एकच गोष्ट पक्की शिकली होती: मनातलं बोलायचं तर सिंककडे तोंड करून.

गिरणीतल्या जुन्या कामगारांच्या संस्थेनं गेल्या महिन्यात सहा जणांचा सत्कार केला. सासूबाई त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या. "घरातलं कुणीतरी दोन शब्द बोला," संस्थेचा चिटणीस खुर्च्यांच्या पहिल्या रांगेशी येऊन म्हणाला. त्यानं थोरलीकडेच पाहिलं होतं. थोरली म्हणाली, "अय्या, मला नाही बाई जमत."

आता एकदा नाही म्हणणं म्हणजे नकार नव्हे, हे शहाण्या माणसाला कळतं. आग्रहाला जागा करून द्यायची असते. दुसऱ्यांदा विचारलं की "बघा हं, मला सवय नाही" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उठायचं. चिटणिसानं दुसऱ्यांदा विचारलंच नाही. शेजारून धाकटी उठली. "मी बोलू का? असंच, सहज," म्हणाली, आणि गेलीसुद्धा वर.

वर्षातून दोनदा येणारी धाकटी. आली की सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांचे हात चोळून देणारी, आणि जाताना थोरलीला "ताई, तुम्ही किती करता हो त्यांचं" म्हणणारी. जसं काही थोरली नोकरीला होती आणि ती मालकाकडून तपासणीला आली होती.

सात मिनिटं बोलली. सभागृहात एकदा हशा पिकला आणि शेवटी तिघी-चौघींनी डोळे पुसले. हशा पिकला तो या वाक्याला:

"आमच्या सासूबाई म्हणजे घड्याळाचा गजर. वाजला की राग येतो, आणि नाही वाजला तर दिवस बुडतो."

थोरली खुर्चीत ताठ झाली. कारण ते वाक्य तिचं होतं. धाकटी नवीन असताना एकदा दोघी भांडी घासत होत्या, तेव्हा सिंककडे तोंड करून तिनं ते म्हटलं होतं. सोळा वर्षं धाकटीनं ते कुठल्या फडताळात ठेवलं होतं कोण जाणे, आणि नेमकं चारशे माणसांसमोर काढून, पुसून, आपलं म्हणून मांडलं.

गंमत अशी, की ज्यांच्याबद्दल ते भाषण होतं त्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. सासूबाई व्यासपीठावर मागच्या खुर्चीत, आणि माईकसमोर धाकटीची पाठ. पाठीवर ओठ नसतात. तेव्हापासून येईल तो त्यांना सांगत होता, "काय बोलली हो तुमची सून!" आणि त्या थोरलीला विचारत होत्या, "काय बोलली गं?"

"चांगलं बोलली," थोरली म्हणायची.

"म्हणजे काय?"

"दिसेलच की तबकडीत."

मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर ओठ वाचता येत नाहीत. मोठ्या टीव्हीला जोडलेलं तबकड्यांचं यंत्र मात्र त्यांना चालवता यायचं. कानाला मोठा हेडफोन, आवाज पूर्ण, डोळे ओठांवर. निम्मं कानानं, निम्मं डोळ्यांनी असं जुळवून त्या सगळं घ्यायच्या. आवाज ओठांच्या जरा मागेपुढे झाला की चिडायच्या: "हिच्या एका तोंडात दोन बायका बोलतायत."

म्हणजे ते भाषण त्यांच्यापर्यंत पोचणार की नाही हे आता थोरलीच्या हातात होतं. तिनं "नाही होत दुरुस्त" म्हटलं असतं तर विषय संपला असता. त्या घरात तिला खोटं पाडेल असं दुसरं कुणी नव्हतं. आणि दुरुस्त केलं, तर सासूबाई धाकटीच्या तोंडून थोरलीचं वाक्य घेणार, खूश होणार, आणि मरेपर्यंत सांगणार.

दहाव्या दिवशी तिनं फाईल उघडायला घेतली. चांगुलपणानं नव्हे. आपलं वाक्य दुसरीच्या तोंडात कसं दिसतं ते पुन्हा एकदा बघायचं होतं. ठणकणाऱ्या दाताला जीभ जातेच.

फाईल उघडत नाही असं भावजींनी देतानाच सांगितलं होतं, आणि ती उघडेना. भावजींच्या कॅमेऱ्याची बॅटरी भाषण संपता संपता मेली होती. चित्रण थांबवलं की कॅमेरा शेवटी एक यादी लिहितो, कुठलं चित्र कुठे आहे, कुठला आवाज कुठे आहे. ती लिहायच्या आत वीज गेली. सगळा माल आत, पण कोठीची किल्ली हरवलेली. अशा वेळी त्याच कॅमेऱ्यानं काढलेली दुसरी एखादी धडधाकट फाईल लागते. तिची मांडणी बघून मोडकीची मांडणी बसवायची. परक्याच्या कॅमेऱ्याची चालत नाही.

म्हणजे धाकटीला फोन.

"ताई! मी तुमचीच आठवण काढत होते," धाकटी म्हणाली. ती नेहमी थोरलीचीच आठवण काढत असायची, फक्त फोन थोरलीला करावा लागायचा.

"तुझ्या कॅमेऱ्यातली एक चांगली फाईल पाठव. कसलीही चालेल. मागच्या महिन्यातली."

"कार्डावर आहे ती पाठवते. ताई, मी त्यात जाड दिसते का हो? खरं सांगा."

"अजून दिसतच नाहीयेस."

"अगंबाई, मग बरंय!" असं म्हणून ती इतकं मोकळं हसली की थोरलीला स्वतःच्या तोंडातलं खडीसाखरेसारखं फोडायला ठेवलेलं टोचकं बोलणं गिळावं लागलं.

अर्ध्या तासात फाईल आली. थोरलीनं आधी ती बघितली. बघावीच लागते, धडधाकट आहे की नाही ते.

धाकटीचं स्वयंपाकघर. धाकटी फ्रीजसमोर उभी. हातात कागद. कॅमेऱ्यामागे भावजी. मागे गॅसवर काहीतरी रटरटतंय. धाकटी घसा खाकरते आणि भाषण म्हणायला लागते.

थोरली पुढे सरकली.

"असंच, सहज" केलेलं ते भाषण धाकटीनं फ्रीजसमोर अकरा वेळा म्हटलं होतं. थोरलीनं मोजलं. तिसऱ्यांदा ती अडखळली, पाचव्यांदा रडकुंडीला आली, सातव्यांदा कागद फेकून "मी नाही जाणार" म्हणाली. थोरलीला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तिनं पाचवी खेप दोनदा बघितली.

आणि आधीच्या खेपांसारखंच आठव्या खेपेलाही धाकटी म्हणाली, "आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणतात, सासूबाई म्हणजे घड्याळाचा गजर..."

"ते जाऊबाईंचं काढ," कॅमेऱ्यामागून भावजी म्हणाले. "लांबतंय."

"अहो, पण त्यांचंच आहे ते."

"मग काय सातबारा आहे त्यांच्या नावावर? विनोद आहे. झटकन आला पाहिजे. काढ."

धाकटीनं कागदावर काहीतरी खोडलं. नवव्या खेपेपासून थोरली नव्हती.

थोरली टॉवेलानं कॉम्प्युटरचा पडदा पुसत बसली. तो आधीच स्वच्छ होता. चोरी केली असती तरी चाललं असतं, तिला वाटलं. चोरीला निदान काही किंमत असते. इथे तिला लांबतंय म्हणून कापलं होतं. कापडाच्या कडेच्या दशा कापतात तसं.

दुपारपर्यंत मोडकी फाईल उघडली. पण आवाज चित्रापासून सुटला होता. असं होतंच. त्यावर उपाय सोपा असतो: चित्रात एखादी टाळी शोधायची, हाताला हात लागतो ते चित्र पकडायचं, आणि 'टप्' आवाज त्याच्याखाली आणून ठेवायचा. म्हणून ती हशा पिकल्यानंतरच्या टाळ्यांवर गेली. भावजींनी तिथे कॅमेरा खाली माणसांकडे वळवला होता. चित्र फाटलेलं, चेहऱ्यांच्या जागी चौकोनी ठिगळं, पण पहिल्या रांगेतले दोन हात तेवढे स्पष्ट दिसत होते. थोरलीनं ते हात पकडले आणि सगळा आवाज त्यांच्या तालावर बसवला.

लावून बघितलं तर धाकटीचे ओठ आधी हलत होते आणि आवाज मागाहून येत होता. एका तोंडात दोन बायका. तिनं पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. पाऊण तास ती यंत्राला नावं ठेवत होती. शेवटी चित्र थोडं पुढे नेलं, ठिगळं विरळ झाली आणि त्या हातांच्या वरचा चेहरा दिसला.

तो तिचाच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवायला घेतल्यावर, शेजारणीनं कोपर मारल्यावर, मोठ्या मिनतवारीनं उचललेले हात. सगळ्या सभागृहाच्या मागून वाजणारे. आणि त्या आंबट टाळ्यांवर तिनं सबंध भाषण बसवलं होतं.

"घ्या," ती पडद्याला म्हणाली, आणि मागच्या रांगेतल्या एका टकल्या म्हाताऱ्याचे हात धरून आवाज नव्यानं बसवला. म्हातारा मनापासून वाजवत होता. पहिल्याच फटक्यात ओठ जुळले.

आता एकच जागा राहिली. गजराच्या वाक्यावर चार सेकंद चित्र फुटलेलं होतं. धाकटीच्या चेहऱ्याचे तुकडे झालेले, डोळा एकीकडे, हनुवटी भलतीकडे, तोंडाच्या जागी राखाडी चौकोन. आवाज मात्र शाबूत. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे शंभर चित्रं एकेक करून सांधायची. किंवा सोपा मार्ग: तेवढ्या चार सेकंदांवर समोर बसलेल्या माणसांचं चित्र चिकटवायचं आणि खालून आवाज जाऊ द्यायचा. गिऱ्हाइकाचं काम असतं तर तिनं तेच केलं असतं. माणसं बघितलेली कुणालाही आवडतात, आपापलं कोण दिसतं ते शोधायला.

तिनं आवाज नीट ऐकला. वाक्याआधी धाकटी थांबली होती. जवळजवळ दोन सेकंद. लोकांना वाटलं असेल, काय छान थांबते! थोरलीला मात्र ते थांबणं ओळखता आलं. अकरांपैकी आठ वेळा तिथे शब्द होते. शब्द खोडले, पण त्यांची जागा जिभेवर तशीच राहिली होती.

"आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणतात." तिनं आठव्या खेपेतून तेवढा आवाज कापला. तोच कॅमेरा, तोच गळा. मोजून बघितला. त्या थांबण्यात तो असा बसला की जणू बेतूनच शिवला होता. स्वयंपाकघरातलं रटरटणं जरासं ऐकू येत होतं, पण ते सासूबाईंच्या कानांना कुठलं कळायला. आणि ओठांचा प्रश्नच नव्हता. थांबण्यापासून वाक्य संपेपर्यंत तिनं ओठांवर माणसं बसवली.

खोटं काय होतं त्यात? शब्द धाकटीचेच. गोष्ट खरीच. कापलेलं तेवढं परत शिवलं. थोरलीनं स्वतःला हे तीनदा सांगितलं. खरी गोष्ट एकदा सांगितली तरी पुरते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

संध्याकाळी चहाच्या आत तिनं तबकडी जाळली.

सासूबाई तयार होऊनच बसल्या. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला, हेडफोन कानांवर. थोरली दाराशी उभी राहिली, हातात पुसायचं फडकं. पुसायला काही नव्हतं, पण नुसतं उभं राहणं बरं दिसलं नसतं. धाकटी बोलायला लागली. सासूबाईंचे स्वतःचे ओठही जरा जरा हलत होते, वाचताना हलतात तसे. मध्येच त्या हसल्या. मध्येच मान हलवून "खरंय" म्हणाल्या. थोरली गजराची वाट बघत होती.

माणसं आली. सासूबाई पुढे वाकल्या. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबला. मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी चित्र थांबवलं.

"कोण म्हणतं म्हणाली ती? मोठ्या जाऊबाई?"

"हो," थोरली म्हणाली. फडकं हातात घट्ट धरलं होतं.

"म्हणजे तू."

"हो, मीच की."

"मी वाजले की तुला राग येतो?"

थोरलीनं फडक्याची घडी घातली.

"गंमत हो, आई. सगळे हसले तिथं."

"हसतील. मी काय त्यांच्या घरात वाजते?" सासूबाईंचा आवाज नेहमीच मोठा, ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा. आता मात्र तो एकदम लहान झाला. "धाकटीनं म्हटलं असतं तर मीही हसले असते. ती येते, चार दिवस राहते, जाते. तिला काय राग येणार माझा? तू म्हणालीस म्हणजे..." त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

थोरलीच्या जिभेवर वाक्य तयार होतं: 'मी कशाला असं म्हणेन? तिनं आपलं माझं नाव घुसडलं.' एवढं म्हटलं की झालं. सासूबाईंचा विश्वास बसला असता, धाकटी सहा महिने त्यांच्या मनातून उतरली असती, आणि धाकटीला कधी कळलंही नसतं. सत्काराच्या दिवसापासून जे हवं होतं ते पुढ्यात आलं होतं, तेही फुकट.

पण सासूबाई तिच्या ओठांकडे बघत होत्या. ओठांकडे असं बघणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला ओठ आधी तयार व्हावे लागतात. थोरलीचे झाले नाहीत.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "भांडी घासताना. धाकटी नवीन होती तेव्हा."

"माझ्याकडे पाठ करून?"

"हो."

"सगळं? दिवस बुडतो, तेही?"

आणि थोरली थांबली. कारण ती हो म्हणणारच होती, आणि तेवढ्यात तिला ते सिंक दिसलं. साबणाचं पाणी. पहाटे सासूबाईंनी कशासाठी तरी उठवलेलं, डोळ्यांत झोप, अंगात नुसता संताप. "गजर आहे गजर," ती म्हणाली होती. "वाजला की डोक्यात तिडीक जाते." बस. पुढे काही नव्हतं. पुढे नवी नवरी धाकटी, ओलं ताट हातात धरून, घाबरत घाबरत म्हणाली होती, "पण ताई, नाही वाजला तर दिवस बुडेल की आपला." मग दोघी हसल्या होत्या. ताट पडलंही होतं. सोळा वर्षं थोरलीनं सबंध वाक्य आपलं म्हणून जपलं होतं, आणि त्यातलं जे चांगलं होतं ते तिचं नव्हतंच.

"पुढचं तिचं," ती म्हणाली.

सासूबाईंनी मांडीवरचा हेडफोन उचलला.

"आणि तिथं सभागृहात तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. ते मी घातलं. दुसऱ्या फायलीतलं."

"म्हणून तोंड नाही दिसत." सासूबाईंनी पडद्यावरच्या माणसांकडे हात केला. "मी म्हटलं, बोलते ही आणि दाखवतात यांना. आमच्या खात्यात तोंड न दाखवता कुणी बोललं तर ते कुणी खरं धरायचं नाही." मग त्यांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "तिडीक अजून जाते?"

"जाते," थोरली म्हणाली. मग वाटलं, एवढं सुटसुटीत सांगायची गरज नव्हती. "रोज नाही."

"बावीस वर्षं राग गिळतेस. मग जेवतेस कधी?"

थोरलीला हसू येईल असं वाटलं, पण आलं ते भलतंच, आणि तिनं हातातलं फडकं तोंडाला लावलं.

"ते काढ तोंडावरून, मला दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे नीट करून दे. घातलेलं काढ. ती कशी बोलली तसं दिसलं पाहिजे. तोंडासकट."

"शंभर चित्रं आहेत ती, आई."

"मग? मी धागे जोडायचे दिवसाला किती, माहितीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली पुढच्या खोलीत बसली. घातलेले शब्द काढून टाकले. माणसं उचलली. खालून धाकटीचा फुटका चेहरा वर आला. एकेक चित्र घ्यायचं, जिथे ठिगळ आहे तिथलं मागच्यापुढच्या चित्रातून आणायचं, नसेल तिथे फ्रीजसमोरच्या अकरा धाकट्यांमधून उसनं घ्यायचं. डोळे, गाल पटापट मिळाले. तोंड मिळेना, कारण ते प्रत्येक अक्षराला वेगळं. सासूबाईंना फसवता आलं नसतं. 'दिवस'ला ओठ उघडे हवेत, 'बु'ला आधी मिटलेले, मग चंबू.

कुठल्या चित्रावर कुठलं अक्षर येतं ते कळायला थोरलीला वाक्य स्वतः म्हणून बघावं लागलं. हळूहळू, एकेक ओठ. "नाही... वाजला... तर..." बंद असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यात ती आपलं तोंड बघत होती. "दिवस... बु..." ओठ मिटले. तिनं ते चित्र शोधलं, दहाव्या खेपेतलं धाकटीचं मिटलेलं तोंड आणून बसवलं, कडा पुसल्या.

दुपारी नवरा डोकावला. "कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी नाही. धाकटीचं म्हणतेय."

तो बराच वेळ दारात उभा राहिला आणि काही न विचारता गेला. शहाणा माणूस.

एकाहत्तराव्या चित्रात हसू सुरू होत होतं. वाक्य संपायच्या आधीच धाकटीला कळलं होतं की लोक हसणार. डावा गाल अजून राखाडी, एक डोळा जागेवर नाही, आणि ओठांचा एकच कोपरा वर चढलेला. थोरलीनं मान तिरकी करून पाहिलं. जाड दिसत नव्हती. मेली तुकड्यांतसुद्धा गोड दिसत होती.

"बघवत नाही," थोरली म्हणाली, आणि बहात्तरावं चित्र उघडलं.